कल्याणच्या बत्तीस तबकड्या : टाकाऊ साहित्यातून उभं राहिलेलं रेडिओ खगोलशास्त्र



शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनी ‘टाकाऊतून टिकाऊ’ केलेलं आहे. करवंटीचा पेनस्टँड, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, जुन्या बांगड्यांचं तोरण. त्या वस्तूंचं पुढे काय व्हायचं तेही आपल्याला ठाऊक आहे. चार महिने शोकेसमध्ये, आणि दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा टाकाऊत. आज आपण ज्या टाकाऊतून टिकाऊबद्दल बोलणार आहोत, ते मात्र खरोखर टिकलं. इतकं टिकलं, की त्यातून जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाशेजारी जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी राहिली.

गोष्टीचा मधला मुक्काम आहे कल्याण. ज्या कल्याणला आपण लोकल बदलतो, तेच. १९६५ साली तिथे बत्तीस धातूच्या तबकड्या, म्हणजे डिश अँटेना, ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीचा व्यास सहा फूट, माणसाच्या उंचीएवढा. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचं हे सुरुवातीचं मोठं उपकरण. आणि या तबकड्या नव्या नव्हत्या. त्या आधी ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळ वापरून झाल्या होत्या, तिथलं त्यांचं काम संपलं होतं, आणि मागितल्यावर त्या भारताला भेट म्हणून मिळाल्या.

ही गोष्ट आपल्याकडे दोन सुरांत सांगितली जाते. एक सूर थोडा ओशाळवाणा: काय करणार, गरीब देश, दुसऱ्यांनी टाकलेलं वापरावं लागलं. दुसरा सूर छाती फुगवून: बघा आपला जुगाड! इतिहास नीट पाहिला, तर दोन्ही सूर चुकीचे आहेत, असं आम्हाला वाटतं. का, ते समजून घेण्यासाठी कल्याणला पोहोचण्याआधी जरा जग फिरून यावं लागेल.

भंगार का चालतं?

आधी एक साधा प्रश्न. दुर्बिणीचा आरसा घासायला महिनोन्‌महिने लागतात, त्यावर केसाएवढा ओरखडा चालत नाही. मग रेडिओ दुर्बीण जाळीची, पत्र्याची, तारांची कशी काय चालते?

उत्तर तरंगलांबीत आहे. परावर्तक पृष्ठभागावरचे उंचसखलपण तरंगलांबीच्या साधारण दहाव्या-पंधराव्या भागापेक्षा कमी असले, की काम भागतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. म्हणून तिथे इतकी काटेकोर घासाघीस. पण रेडिओ लहर एक-दोन मीटर लांबीची असेल, तर पाच-सहा सेंटीमीटरचा खड्डा तिला जाणवतच नाही. जाळीतली छिद्रं तिच्या दृष्टीने नसल्यासारखीच. तेव्हा चाळणीसारखा दिसणारा पत्राही तिच्यासाठी चांगला आरसा असतो.

हा झाला फायदा. तोटाही त्याच लांबीतून येतो. लहर जितकी लांब, तितकं चित्र पुसट. ते ठळक करायचं तर उपकरण प्रचंड मोठं हवं. किंवा मग लहान लहान तबकड्या लांबवर पसरून, त्यांचे संदेश तारांनी एकत्र आणून, त्यांना मिळून एका मोठ्या उपकरणासारखं वागायला लावायचं. ही युक्ती लक्षात ठेवा, कारण कल्याणचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे.

मोटारीची चाकं आणि परसातली डिश

आता सुरुवातीकडे जाऊ. १९३०च्या सुमारास अमेरिकेत बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये कार्ल जान्स्की नावाचा तरुण अभियंता होता. अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओवरून टेलिफोन लावताना जी खरखर येते, ती कुठून येते ते शोध, एवढंच त्याला सांगितलेलं. त्याने न्यू जर्सीतल्या होल्मडेलला साधारण शंभर फूट लांबीचा अँटेना उभा केला, आणि तो सगळीकडे वळवता यावा म्हणून फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या चाकांवर बसवला. वीस मिनिटांत एक फेरी. सहकारी त्याला गमतीने जान्स्कीचा पाळणा म्हणायचे, जत्रेतला गोल फिरणारा असतो ना, तसा.

त्याला खरखरीचे तीन प्रकार सापडले. जवळच्या वादळांची, लांबच्या वादळांची, आणि तिसरी एक संथ, अखंड सळसळ. ही सळसळ दररोज साधारण चार मिनिटं आधी शिगेला पोहोचायची. आता बघा, घड्याळाचा दिवस चोवीस तासांचा, पण तारे पुन्हा त्याच जागी येतात २३ तास ५६ मिनिटांनी. म्हणजे सळसळ सूर्याची नव्हती, पृथ्वीवरची तर नव्हतीच. ती धनु राशीच्या दिशेने, आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. १९३३ साली हे जाहीर झालं, वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आलं, आणि खगोलशास्त्रज्ञांनी त्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केलं.

एकाने मात्र केलं नाही, आणि तो खगोलशास्त्रज्ञ नव्हता. ग्रोट रेबर हा शिकागोजवळच्या व्हीटनचा रेडिओ अभियंता. १९३७च्या उन्हाळ्यात त्याने स्वतःच्या खिशातून, घराशेजारच्या मोकळ्या जागेत, लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून साडेनऊ मीटर व्यासाची डिश बांधली. दिवसा नोकरी, रात्री आकाश. रात्रीच, कारण दिवसा रस्त्यावरच्या मोटारींच्या ठिणग्यांची खरखर फार. पहिल्या तरंगलांबीवर काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या तरंगलांबीवर नवा रिसीव्हर बांधला, तरी काही नाही. तिसऱ्या वेळी, १६० मेगाहर्ट्झवर, आकाशगंगा सापडली. १९४४ साली त्याने रेडिओ आकाशाचे नकाशे प्रसिद्ध केले.

रेबरच्या बाबतीत आपण पत्रा आणि लाकूड लक्षात ठेवतो. लक्षात ठेवायला हवं ते हे, की दोनदा काहीच न मिळाल्यावर तिसरा रिसीव्हर त्याला स्वतःला बांधता येत होता. सांगाडा घरचा होता, पण त्यामागची विद्या पक्की होती.

लढाई संपली, यंत्रं उरली

मग दुसरं महायुद्ध आलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये इंग्लंडमधल्या लष्करी रडारांवर अचानक गोंगाट आला. शत्रूने रडार बुजवलं, अशी शंका. जेम्स स्टॅन्ली हे नावाच्या शास्त्रज्ञाने दिशा तपासल्या आणि लक्षात आलं, की गोंगाट सूर्याकडून येतोय, आणि सूर्यावर त्या वेळी मोठा डाग आहे. युद्ध चालू असल्याने ही गोष्ट गुप्त राहिली, नंतर प्रसिद्ध झाली.

१९४५ला युद्ध संपलं. आता कल्पना करा. हजारो रडार, अँटेना, रिसीव्हर, केबलींची वेटोळी सरकारांच्या गोदामांत पडून. आणि सहा वर्षं रडारच बांधत असलेले तरुण शास्त्रज्ञ विद्यापीठांत परत आलेले. वस्तूही मोकळ्या, माणसंही मोकळी.

मँचेस्टरच्या बर्नार्ड लव्हेल यांनी लष्कराचं जुनं रडार मिळवलं. विद्यापीठाजवळ ते चालेना, कारण रस्त्यावरच्या विजेच्या ट्राम गोंगाट करायच्या. म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये ते रडार विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या जॉड्रेल बँक इथल्या शेतावर नेलं. शोधायचे होते विश्वकिरणांचे प्रतिध्वनी, सापडले उल्कांचे. पुढे एक अँटेना त्यांनी सर्चलाइटच्या, म्हणजे रात्री विमानं हुडकायच्या झोतदिव्याच्या, फिरत्या बैठकीवर बसवला. आणि १९५७ साली तिथेच ७६ मीटर व्यासाची भव्य दुर्बीण उभी राहिली, तेव्हा तिला वर-खाली झुकवणाऱ्या यंत्रणेत दोन मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या तोफांच्या बुरुजांचे भाग होते. ‘रॉयल सॉव्हरिन’ आणि ‘रिव्हेंज’ ही त्या नौकांची नावं.

हॉलंडमध्ये जर्मन सैन्य रडारच्या मोठ्या तबकड्या मागे सोडून गेलं होतं. साडेसात मीटर व्यासाच्या या ‘व्युर्त्सबुर्ग’ तबकड्यांपैकी एक डच लोकांनी कोटवाइकला उभी केली. सुरुवातीला ती हाताने फिरवावी लागे. हेंड्रिक व्हान दे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, भाकीत केलं होतं, की अवकाशातला हायड्रोजन २१ सेंटीमीटर तरंगलांबीची लहर सोडत असणार. ती पकडायची होती. पण १९५० मध्ये आग लागली आणि रिसीव्हर जळून गेला.

तेवढ्यात अमेरिकेत हार्वर्डला हॅरोल्ड यूअन हा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक एडवर्ड पर्सेल यांनी पाचशे डॉलरच्या अनुदानावर प्लायवूडचं, आतून तांब्याचा पत्रा लावलेलं कर्ण्यासारखं अँटेना बनवलं, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलं. पाऊस आला की पाणी कर्ण्यातून सरळ खोलीत. हिवाळ्यात खालून जाणारी पोरं त्यात बर्फाचे गोळे मारायची. २५ मार्च १९५१ रोजी या कर्ण्यात हायड्रोजनची लहर सापडली. काही आठवड्यांत डच तबकडीनेही ती पकडली. आणि तिसरा दुजोरा आला सिडनीहून. तिथे ख्रिस ख्रिश्चनसेन आणि जिम हिंडमन यांनी घाईघाईने जुळवलेल्या रिसीव्हरवर तीच लहर पकडली होती.

ख्रिश्चनसेन हे नाव ध्यानात असू द्या. तेच पुढे आपल्याला कल्याणला घेऊन जाणार आहेत.

सिडनीचा खड्डा, आणि एक टाकून दिलेली व्यक्ती

सिडनीचा गट हा या सगळ्यांत मोठा गट होता. युद्धात रडार बांधणारी त्यांची अख्खी प्रयोगशाळा शांततेच्या कामाला लागली होती. समुद्रकाठच्या डोव्हर हाइट्सच्या कड्यावर रडारचा अँटेना होता. उगवत्या सूर्याची एक लहर सरळ येई, दुसरी समुद्रावर आपटून येई, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत. म्हणजे समुद्र हाच फुकटचा दुसरा अँटेना.

याच कड्यावर १९५१ मध्ये जॉन बोल्टन, ब्रूस स्ली आणि त्यांच्या सोबत्यांनी एक अफलातून उद्योग केला. मोठी डिश हवी होती, पैसे मागायचे नव्हते. मग जेवणाच्या सुट्टीत फावडी घेऊन वाळूत ७२ फूट व्यासाचा वाटीसारखा खड्डा खणला. तीन महिने, कोणाला न सांगता. आतून चकाकी आणायला सामानाच्या खोक्यांना बांधून येतात त्या पोलादी पट्ट्या अंथरल्या. खड्डा काही फिरवता येत नाही. पण पृथ्वी फिरते ना! आकाश आपणहून वरून सरकत जातं. आणि सिडनीचं अक्षांश असं, की आकाशगंगेचा मध्य डोक्यावरून फार लांबून जात नाही. हा खड्डा पुढे मोठा केला, काँक्रीट आणि जाळीने पक्का केला, आणि आकाशगंगेच्या केंद्राशी असलेल्या रेडिओ स्रोताचा अभ्यास त्यातून झाला.

पण इथेच एक कडू गोष्टही सांगायला हवी. समुद्राच्या त्या युक्तीमागचं गणित मांडणाऱ्यांत रूबी पेन-स्कॉट या भौतिकशास्त्रज्ञ होत्या. अनेक ठिकाणच्या मोजमापांतून आकाशाचं चित्र परत कसं उभं करायचं, त्याचं तत्त्व त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या १९४७च्या निबंधात आहे. आज खोडदची दुर्बीण त्याच तत्त्वावर चित्रं काढते. तिथल्या सरकारी नियमानुसार विवाहित स्त्रीला कायम नोकरी मिळत नसे. पेन-स्कॉट यांनी १९४४ मध्ये लग्न केलं होतं आणि ते जाहीर केलं नव्हतं. १९५० मध्ये ते उघड झालं, त्यांची नोकरीतली कायम जागा गेली, आणि १९५१ मध्ये मूल होणार म्हणून त्यांनी काम सोडलं. बाळंतपणाची रजा हा प्रकारच नव्हता. खोक्याच्या पट्ट्यासुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या जागेतून इतकी तयार व्यक्ती वाया गेली. टाकाऊ कशाला म्हणायचं हे वस्तूवर ठरत नाही, ठरवणाऱ्यावर ठरतं. हे वाक्य आपण पुढेही वापरणार आहोत.

सिडनी ते दिल्ली ते कल्याण

आता आपल्याकडे येऊ. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन १९५२ मध्ये परिषदेसाठी सिडनीला गेले आणि तिथलं काम पाहून भारावून आले. त्यांच्या हाताखाली गोविंद स्वरूप नावाचा तरुण काम करत होता. या तरुणाने त्याआधी प्रयोगशाळेत आणलेले जुने रडार संच मोडून त्यांच्या भागांतून एक प्रयोग उभा केला होता. म्हणजे भंगार उलगडून पाहण्याची सवय दिल्लीपासूनची. १९५३ मध्ये कोलंबो योजनेतून स्वरूप आणि आर. पार्थसारथी सिडनीला गेले.

सिडनीत पॉट्स हिलच्या जलाशयाच्या काठावर ख्रिश्चनसेन यांनी बत्तीस तबकड्यांची ओळ मांडली होती. तबकड्या २१ सेंटीमीटरवर सूर्य पाहायच्या. स्वरूप आणि पार्थसारथी यांनी ती ओळ ६० सेंटीमीटरसाठी बदलून घेतली. म्हणजे प्रत्येक तबकडीच्या केंद्राशी असलेला भाग बदला, जोडणी बदला, सगळं पुन्हा जुळवा. या तबकड्यांचा एकेक सांधा त्यांना ठाऊक झाला.

तेवढ्यात ख्रिश्चनसेन यांचा बेत पुढे गेला. नवी, मोठी, क्रॉसच्या आकाराची मांडणी करायची होती, तेव्हा ही जुनी ओळ आता नको होती. स्वरूप यांनी विचारलं, या तबकड्या भारताला मिळतील का? सिडनीच्या लोकांनी होकार दिला, दिल्लीहून कृष्णन यांनी पाठिंबा दिला. आणि मग गाडी अडली. तबकड्या फुकट, पण बोटीचं भाडं कोण भरणार? परकीय चलनाचा प्रश्न. आपल्याला हा अनुभव नवीन नाही: वस्तू भेट मिळते, आणि तिची वाहतूक सहीसाठी फायलीत अडकते. या विलंबात १९५६ मध्ये स्वरूप अमेरिकेला गेले, इतरही पांगले. तबकड्या यथावकाश दिल्लीला पोहोचल्या, तेव्हा त्या जोडून वापरणारे हात तिथे नव्हते. त्या पडून राहिल्या.

इथे आमचा मुद्दा स्पष्ट होतो. तबकड्या त्याच. सिडनीत त्या विज्ञानाचं साधन होत्या. दिल्लीत काही वर्षं त्या सामान होत्या. फरक फक्त माणसांचा.

१९६१ मध्ये परदेशातल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, भारतातल्या काही संस्थांना पत्र पाठवलं: आम्ही परत येऊन गट उभारायला तयार आहोत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला. चौघं एकदम आले नाहीत. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईत दाखल झाले. आणि नवा गट, नवी मुलं, निधी मंजूर व्हायला वेळ, अशा वेळी सुरुवात कशाने करायची? दिल्लीला पडलेल्या त्या बत्तीस तबकड्या मुंबईच्या संस्थेकडे आल्या आणि कल्याणला मांडल्या गेल्या.

मांडणी अशी. चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम, ६३० मीटर लांबीत. आठ तबकड्या दक्षिण-उत्तर, २५६ मीटरमध्ये. वारंवारता ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ४९ सेंटीमीटर. म्हणजे सिडनीची ओळ जशीच्या तशी इथे आणून ठेवली नव्हती. तबकड्या जुन्या, मांडणी नवी, रिसीव्हर इथे बांधलेले. १९६५ ते १९६८ या काळात या दुर्बिणीने सूर्याची निरीक्षणं केली. विशेषतः शांत सूर्याच्या प्रभामंडलाची. खग्रास ग्रहणात चंद्राभोवती पांढरी आभा दिसते, तेच हे प्रभामंडल. त्याचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात असतं आणि या तरंगलांबीवर ते ग्रहणाशिवायही पाहता येतं.

मग कल्याणने काय दिलं?

सूर्याबद्दलचे निबंध दिले, हे तर झालंच. पण आमच्या मते कल्याणची मोठी कमाई वेगळी आहे. केबल कुठे ताणते, पावसाळ्यात सांध्यात पाणी कसं शिरतं, दोन तबकड्यांचे संदेश एकाच क्षणी कसे पोहोचवायचे, हे पुस्तकात वाचून येत नाही. हे शिकायला चालू स्थितीतलं एक उपकरण लागतं, आणि ते असं लागतं, की चूक झाली तर आभाळ कोसळणार नाही. जुन्या तबकड्यांनी ती मुभा दिली. तिथे काम केलेल्या तरुणांमध्ये विजय कपाही होते, जे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे प्रमुख झाले.

कल्याणचं काम चालू असतानाच स्वरूप यांच्या डोक्यात पुढचं उपकरण होतं. उटीजवळ उत्तर-दक्षिण असा एक डोंगरउतार शोधला, ज्याचा उतार त्या जागेच्या अक्षांशाएवढा, साधारण अकरा अंश आहे. त्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, पन्हाळीसारखा परावर्तक बांधला. उतारामुळे त्याचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. आता आकाशातल्या स्रोताचा पाठलाग करायचा तर पन्हाळ फक्त एकाच अक्षाभोवती वळवायची. परावर्तक म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या अकराशे ताणलेल्या तारा. १९७० मध्ये ही दुर्बीण सुरू झाली. हे कोणाचं जुनं सामान नव्हतं. ही कल्पना इथली, आणि ती सुचायला इथला डोंगर आणि इथलं अक्षांश लागलं.

आणि त्यानंतर नारायणगावजवळचं खोडद. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मध्यभागी आणि सोळा इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या तीन भुजांवर, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जवळ जाऊन पाहिलंत तर पत्रा नाही. ताणलेल्या दोरांवर बसवलेली बारीक तारेची जाळी, आणि तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च आवाक्यात. रेबरच्या परसापासून निघालेला विचार, जाळी चालते हा विचार, इथे पूर्ण शिजला. पॉट्स हिलची युक्ती, लहान तबकड्या पसरून मोठं उपकरण करायचं, तीही इथे आहे. फक्त आता त्यात दुसऱ्याचं काही नाही.

दोन सुरांचा हिशेब

तर सुरुवातीचे दोन सूर पुन्हा घेऊ.

ओशाळायचं कारण नाही, कारण त्या वीस वर्षांत इंग्लंड, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका सगळेच उरलेल्या सामानातून हे विज्ञान उभं करत होते. लव्हेलचं रडार जुनं, डच तबकडी शत्रूची, बोल्टनच्या पट्ट्या खोक्यांच्या. कल्याण ही त्याच घराण्याची शाखा. आणि जुगाड म्हणून मिरवायचंही कारण नाही, कारण जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. या मंडळींनी वेळ मारून नेली नाही. त्यांनी जुन्या वस्तूचे दोष मोजले, त्यातून काय मिळणार नाही हे ओळखलं, आणि योग्य वेळी ती वस्तू सोडून दिली. पाच-सहा वर्षांत कल्याण मागे पडलं, हे कल्याणचं अपयश नाही. ते तिथल्या कामाचं यश आहे.

आणखी एक हिशेब राहतो. ही साधनं स्वस्त होती असं आपण म्हणतो. पण रडार स्वस्त नव्हतं. ते बांधायला देशांनी आपल्या तिजोऱ्या रिकाम्या केल्या, आणि ते ज्या कामासाठी होतं त्यात माणसं मेली. गोदामात पडलेल्या भंगाराची किंमत कोणीतरी आधीच चुकवलेली असते. शास्त्रज्ञांनी त्यातून काही चांगलं काढलं, याचा आनंद जरूर मानू. पण विज्ञानाला पुन्हा अशाच शिलकीवर जगवावं, असं मात्र त्यातून निघत नाही.

शेवटी, व्याख्यानानंतर करून पाहण्यासाठी एक गोष्ट. आपल्या इमारतीच्या गच्चीवर बंद पडलेल्या डीटीएचच्या चार-सहा डिश नक्की असतील. विचारून त्यातली एक घ्या. पुढचा एलएनबी चालू स्थितीत असला पाहिजे. बाजारात सॅटेलाइट फाइंडर नावाचा लहानसा मीटर मिळतो, डिश बसवणारे तो वापरतात. त्याला वीज द्यायला जुना सेटटॉप बॉक्स चालतो. डिश आधी मोकळ्या आकाशाकडे करा आणि मीटर पाहा. मग इमारतीच्या भिंतीकडे करा. काटा चढेल, कारण ऊन असो वा नसो, भिंत आपल्या उष्णतेमुळे रेडिओ लहरी देते. मग सावकाश सूर्याकडे न्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही, सावलीवरून अंदाज घ्यायचा. या डिश ऑफसेट असतात, म्हणजे त्यांचं तोंड दिसतं त्यापेक्षा त्या बऱ्याच वर पाहतात. त्यामुळे पहिल्यांदा सूर्य सापडत नाही. दुसऱ्यांदाही कदाचित नाही. रेबरला तिसऱ्या खेपेला सापडलं होतं, हे लक्षात असू द्या.

काटा चढला, की डिश हलवू नका. नुसतं थांबा. चार-पाच मिनिटांत काटा आपोआप उतरेल. डिश स्थिर होती, मग फिरलं काय? घरातल्या मुलांना हा प्रश्न विचारा, आणि उत्तर लगेच सांगू नका.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.